शर्यत हरलेली गिटार

१९५८ साली शिकागोचा ब्लूज गायक मडी वॉटर्स पहिल्यांदा इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा त्याच्या गळ्यात इलेक्ट्रिक गिटार होती. शिकागोच्या गुत्त्यांमध्ये ती जशी वाजायची तशीच, आवाजाचं बटण भरपूर पिळून, त्याने तिथेही वाजवली. इंग्लंडमधल्या जाणकार मंडळींनी कानांवर हात ठेवले. त्यांच्या मनातला ब्लूज म्हणजे मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यातला एकटा माणूस आणि त्याच्या मांडीवरची लाकडी गिटार. हे किंचाळणं कुठून आलं, असा सूर वर्तमानपत्रांतूनही उमटला. मडीने ते मनावर घेतलं. पाचेक वर्षांनी तो पुन्हा गेला तो शहाण्यासारखा अकूस्टिक गिटार घेऊन. पण मधल्या काळात इंग्लंडमधल्या पोरांनी त्याच्याच इलेक्ट्रिक रेकॉर्डी झिजेपर्यंत ऐकल्या होत्या. ‘रोलिंग स्टोन्स’नी तर आपलं नावच त्याच्या एका गाण्यावरून घेतलं होतं. त्यांना किंचाळणारी गिटारच हवी होती, आणि बुवा आले लाकडी खोकं घेऊन! माणूस तोच, ब्लूज तोच, आणि नाराजी दोन्ही खेपांना पदरात.

अकूस्टिक गिटार खरी आणि इलेक्ट्रिक बनावट, किंवा पहिली जुनाट आणि दुसरी आजची, हा वाद असा वाऱ्यासारखा दिशा बदलत आला आहे. या वादात एक गोष्ट हमखास विसरली जाते. जिच्या मऊ, लाकडी, घरगुती आवाजावर आज लोक जीव टाकतात, ती गिटार घडवणाऱ्यांना मऊ आवाज मुळीच नको होता. पाऊणशे-शंभर वर्षं त्यांच्या डोक्यात एकच खूळ होतं: आवाज वाढला पाहिजे.

गिटारीची अडचण जन्मजात आहे. व्हायोलिनचा गज फिरत राहतो तोवर तारेला जोर मिळत राहतो. गिटारीची तार एकदा छेडली की मिळायचा तो जोर मिळून गेला. तारेची स्वतःची हवा ढकलण्याची ताकद नगण्य. ती आपला थरथराट घोडीवाटे खालच्या पातळ फळीला देते आणि ती फळी हवा हलवते. सतार-तंबोरा घडवणारे कारागीर या फळीला तबली म्हणतात. तबली जितकी पातळ आणि हलकी, तितका आवाज मोठा. पण फार पातळ केली तर तारांच्या ओढीने ती वर फुगते, घोडी उखडते आणि वाद्य कामातून जातं. गिटारीचा सगळा इतिहास या दोन टोकांच्या मधल्या मिलिमीटरभर जागेत घडला आहे.

स्पेनमधल्या अल्मेरियाचा सुतार अंतोनिओ द तोरेस याने तबलीखाली पंख्यासारख्या पसरलेल्या बारीक पट्ट्या लावण्याची जुनी पद्धत पक्की केली, वाद्याचं अंग मोठं केलं आणि आजच्या क्लासिकल गिटारीचा साचा घालून दिला. आवाज तबलीतून येतो, बाकी लाकूड दुय्यम, हे त्याचं म्हणणं. ते पटवून देण्यासाठी १८६२ मध्ये त्याने एक विक्षिप्त गिटार बनवली. तबली नेहमीच्या स्प्रूस लाकडाची, पण पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. पुठ्ठ्याची असून ती गिटारीसारखी वाजायची, यातच तोरेसचा मुद्दा सिद्ध झाला.

अमेरिकेतली कथा एका भांडणातून सुरू होते. जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेन या वाद्यकारांच्या गावी गिटारी बनवायच्या कुणी, यावरून व्हायोलिनवाल्यांचा संघ आणि सुतारांचा संघ यांच्यात जुंपली होती. सुतारांनी खुर्च्या-टेबलं करावीत, वाद्यांत हात घालू नये, असं व्हायोलिनवाल्यांचं म्हणणं. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा सुताराच्या घरातला, पण व्हिएन्नाच्या श्टाउफर या नामांकित गिटारकाराकडे शिकलेला. कटकटीला कंटाळून १८३३ साली तो न्यू यॉर्कला गेला आणि काही वर्षांनी पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी स्थिरावला. तिथे १८४० च्या दशकात त्याच्या गिटारींत तबलीखाली फुलीच्या आकारात पट्ट्या दिसू लागल्या. तेव्हा तारा आतड्याच्या असत, त्यांचा ताण बेताचा. फुलीची खरी गरज पडायला अजून सत्तर वर्षं होती.

ती गरज आणली हवाईच्या वादकांनी. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाई बेटांच्या दालनात पोलादी तारांची गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूची कांडी सरकवत लोक वाजवत होते. अमेरिका त्या घसरत्या सुरांनी वेडी झाली. हे वेड पुढे कोलकाता-मुंबईपर्यंत आलं. ‘हवाईयन आणि स्पॅनिश गिटार शिकवली जाईल’ अशी पाटी आपल्याकडच्या शहरांतून दिसायची ती त्याचीच खूण. त्यातूनच ब्रिजभूषण काबरा यांनी मांडीवरच्या गिटारीवर रागदारी आणली. मींड काढायला ती कांडी आयतीच सापडली होती! पुढे विश्वमोहन भट्ट यांनी तिला जास्तीच्या तारा जोडून मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये राय कूडरबरोबरच्या ध्वनिमुद्रणासाठी ग्रॅमी मिळवलं.

पोलादी तारांचा आवाज आतड्याच्या तारांपेक्षा खणखणीत, पण ओढ भयंकर. आजच्या साध्या सहा तारांच्या गिटारीवर मिळून ७० ते ८० किलोंचा ताण असतो. म्हणजे एक भरलेला माणूस जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या फळीला अहोरात्र लटकलेला. मार्टिनची फुली इथे कामी आली. मग आकार वाढू लागला. १९१६ मध्ये कंपनीने बॉस्टनच्या ऑलिव्हर डिट्सन दुकानासाठी रुंद कमरेची, खोल पोटाची गिटार बनवली आणि तिला तेव्हाच्या अवाढव्य ब्रिटिश युद्धनौकेचं नाव दिलं: ड्रेडनॉट. १९३१ पासून ती मार्टिनच्या नावाने विकली जाऊ लागली. आज जगात कुठल्याही वाद्यांच्या दुकानात भिंतीला टांगलेल्या दहा गिटारींतल्या बहुतेक याच आकाराच्या निघतील. शेकोटीभोवती हळुवार गाणी म्हणायचं वाद्य म्हणून ती ओळखली जाते. नाव मात्र तोफा डागणाऱ्या जहाजाचं.

कालामझूच्या गिब्सन कंपनीने दुसरी वाट धरली. व्हायोलिनसारखी कोरलेली कमानदार तबली, गोल भोकाऐवजी दोन बाजूंना दोन वळणदार चिरा. १९२२ ची एल-५ आणि १९३४ ची अठरा इंच रुंदीची सुपर ४०० ही त्या वाटेवरची मोठी ठिकाणं. लॉस एंजेलिसच्या जॉन डोपेराने १९२७ मध्ये तर लाकूडच सोडलं. धातूचं अंग आणि आत कर्ण्यासारखे ॲल्युमिनियमचे तीन शंकू. हे सगळं कशासाठी? नाचाच्या हॉलमध्ये सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटच्या गदारोळात गिटारवाला बसायचा, आणि तो वाजवतोय हे फक्त त्याच्या हाताच्या हालचालीवरून कळायचं.

विजेने या वाद्याचा घात केला असं म्हणणाऱ्यांनी १९२५ साल लक्षात ठेवायला हवं. त्याआधी ध्वनिमुद्रण म्हणजे मोठ्या भोंग्यासमोर उभं राहून जिवाच्या आकांताने वाजवणं. त्यात गिटारीचा निभाव लागत नसे. जाझच्या तुकड्यांत ताल धरायला बँजो असायचा. १९२५ मध्ये माइकने ध्वनिमुद्रण सुरू झालं, रेडिओही घराघरांत पसरू लागला, आणि बँजो मागे पडून गिटार पुढे आली. एडी लँगसारखा वादक गायक बिंग क्रॉस्बीच्या मागे बोटांच्या टोकांनी वाजवायचा आणि ते देशभर ऐकू जायचं. अकूस्टिक गिटारीला पहिला मोठा मान मिळवून दिला तो विजेनेच.

पण माइक स्टुडिओत. नाचाच्या हॉलमधली रड संपली नव्हती. डोपेराबरोबर काम केलेल्या जॉर्ज बोशॅम्पने १९३१ मध्ये तबलीचा प्रश्न मुळातूनच उपटून टाकला. पोलादी तारेखाली लोहचुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं ठेवलं, की तार थरथरताच वेटोळ्यात वीज निर्माण होते. ती वाढवून कर्ण्याला द्यायची. तबली नको, पोकळ पोट नको. ॲडॉल्फ रिकनबॅकरच्या भागीदारीत १९३२ मध्ये बाजारात आलेलं हे वाद्य ॲल्युमिनियमचं, मांडीवर ठेवून हवाईयन पद्धतीने वाजवायचं आणि दिसायला थेट लांब दांड्याच्या तव्यासारखं. लोक त्याला ‘फ्राइंग पॅन’च म्हणत. पेटंटसाठी १९३४ मध्ये केलेला अर्ज १९३७ पर्यंत रखडला; असल्या यंत्रातून संगीत निघतं, हेच पेटंट कचेरीच्या पचनी पडेना. तोवर इतर कंपन्यांनी आपापले नमुने काढले होते. गिब्सनने १९३६ मध्ये ईएस-१५० आणली, आणि १९३९ मध्ये चार्ली क्रिश्चन हा तरुण ती घेऊन बेनी गुडमनच्या तुकडीत दाखल झाला. सॅक्सोफोनवाल्यासारखा तो एकेका सुराची लांब ओळ वाजवू लागला. क्षयाने तो १९४२ मध्ये गेला, अवघा पंचवीस वर्षांचा. तेवढ्या अडीच वर्षांत गिटारवाला मागच्या खुर्चीवरून पुढे येऊन बसला होता.

पोकळ गिटारीला वीज जोडल्यावर नवीच पंचाईत निघाली. कर्ण्यातून आलेला आवाज पोटात शिरून तबली हलवतो, तबली तार हलवते आणि शिटी सुरू होते. त्यावर उपाय पोटच नाहीसं करण्याचा. गिटारवादक लेस पॉलने १९४० च्या सुमारास चार इंच जाडीच्या पाइनच्या ओंडक्यावर तारा चढवल्या आणि लोक बिचकू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना खऱ्या गिटारीचे कापलेले पंख चिकटवले. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा लिओ फेंडर इतका विचार करत बसला नाही. त्याला स्वतःला गिटार वाजवताच येत नव्हती. १९५० मध्ये त्याने सरळ फळीची गिटार विकायला काढली. तीच नाव बदलून टेलिकास्टर झाली. १९५४ ला स्ट्रॅटोकास्टर आली. मान चार स्क्रूंनी जोडलेली, बिघडली तर काढून दुसरी लावायची.

इथे दोन्ही वाद्यांचे स्वभाव कायमचे वेगळे झाले. तारेला दिलेला जोर म्हणजे हातातली ठरावीक रक्कम. अकूस्टिक गिटार ती तबली हलवण्यात भराभर खर्च करते. म्हणून सूर उमलतो आणि लगेच ओसरू लागतो. भरीव फळी जवळजवळ काहीच खर्च होऊ देत नाही. म्हणून सूर लांबतो, ताणता येतो, वाकवता येतो. इलेक्ट्रिकवाल्याला जो लांब, रडवा, गळ्यातून आल्यासारखा सूर मिळाला तो या काटकसरीतून. अकूस्टिकच्या वाट्याला आलं ते सुराचं सुरुवातीचं टोक: नखाचा आघात, बोट सरकल्याची खरखर, लाकडाचा ठोका. आवाज वाढवण्याच्या शर्यतीत पूर्वी हा तोटा समजला जायचा. आता त्याचीच गोडी वाटू लागली.

सगळे काही विजेकडे धावले नाहीत. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन १९३७ मध्ये आला आणि १९८७ मध्ये मरेपर्यंत राहिला. मध्यंतरी त्यानेही इलेक्ट्रिक गिटार आणली होती. पण तो एकेरी सूर वाजवत बसला की वृंदाचा ताल सुटायचा, म्हणून सहकाऱ्यांनीच गुपचूप तिच्या वायरींचा निकाल लावला, असा किस्सा जाझवाले आवडीने सांगतात. त्याची अकूस्टिक गिटार वेगळी अशी ऐकूच येत नाही. ती नसती तर मात्र झांजा आणि बासच्या मधली जागा लगेच रिकामी जाणवली असती. क्लासिकल गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाने तर मोठमोठ्या सभागृहांत माइकशिवाय वाजवलं आणि दोन हजार श्रोत्यांना श्वास रोखून ऐकायला लावलं. कमी आवाजाचाही असा धाक असू शकतो.

मडी वॉटर्सने मात्र भाबडेपणा केला नाही. लोकसंगीताचा संग्राहक ॲलन लोमॅक्सने १९४१ मध्ये मिसिसिपीतल्या स्टोव्हॉल मळ्यावर त्याला ध्वनिमुद्रित केलं तेव्हा त्याच्या हातात साधी गिटार होती. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला, आणि तिथल्या गुत्त्यांच्या कलकलाटात ती कुणाला ऐकू जाईना. त्याने इलेक्ट्रिक घेतली. पोटापाण्याचा साधा हिशेब.

हेच लोमॅक्स २४ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात होते. शिकागोच्या पॉल बटरफील्डची इलेक्ट्रिक तुकडी मंचावर आणताना त्यांनी अशी काही तिरकस ओळख करून दिली, की बॉब डिलनचा व्यवस्थापक अल्बर्ट ग्रॉसमन भडकला आणि दोन पोक्त गृहस्थ मातीत लोळत एकमेकांना बुकलू लागले. दुसऱ्या रात्री डिलन त्याच तुकडीतले काही वादक घेऊन, गळ्यात स्ट्रॅटोकास्टर अडकवून आला. तीन गाणी झाली, आरडाओरडा झाला. तो इलेक्ट्रिकमुळे, भिकार ध्वनियोजनेमुळे की कार्यक्रम एवढ्यात आटोपला म्हणून, यावर पुस्तकं लिहिली गेली आहेत. लोकगायक पीट सीगरने पुढे सांगितलं, की शब्दच ऐकू येत नव्हते, याचा त्याला संताप आला होता. कुऱ्हाड असती तर केबल तोडली असती. डिलन परत आला तो अकूस्टिक गिटार घेऊन, एकटा, आणि तेच लोक टाळ्या वाजवू लागले. हजारोंच्या त्या मैदानात ‘निखळ’ अकूस्टिक गिटारही लोकांपर्यंत माइक आणि कर्ण्यांमधूनच पोचत होती, एवढं जाता जाता नोंदवायला हवं. डिलनची ती स्ट्रॅटोकास्टर २०१३ मध्ये लिलावात ९,६५,००० डॉलरना गेली.

आवाजाची शर्यत हरल्यावर अकूस्टिक गिटारीचं काय झालं, हे नाझरेथच्या कारखान्यात छान दिसतं. जोरात वाजवणारे जाड तारा चढवत, तबल्या फुगत आणि दुरुस्तीला परत येत. म्हणून मार्टिनने १९४४ च्या अखेरीस तबलीखालच्या पट्ट्या होडीसारख्या कोरून हलक्या करणं बंद केलं. गिटारी मजबूत झाल्या, थोड्या मुक्याही. पुढच्या पिढीतले ब्लूग्रास वादक मग युद्धापूर्वीच्या मार्टिन शोधत फिरू लागले. शेवटी १९७६ मध्ये कंपनीने कोरलेल्या पट्ट्यांची एचडी-२८ पुन्हा सुरू केली. म्हणजे गिऱ्हाईक आता पूर्वीइतकी नाजूक गिटार मागत होतं.

एचडी-२८ ज्या मूळ डी-२८ वरून आली, तिच्यात आपल्याकडचंही काहीतरी आहे. तिची पाठ आणि कडा पूर्वी ब्राझीलच्या रोजवुडच्या असत. ते मिळेनासं झाल्यावर १९६९ मध्ये मार्टिन भारतीय शिसवीकडे वळलं. आपल्या जुन्या वाड्यांत जिचे पलंग आणि कपाटं असत, तीच ही पश्चिम घाटातली शिसव. २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं, तेव्हा जगभरचे गिटारवाले हवालदिल झाले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. पाठ कशाचीही चालते हे तोरेसने पुठ्ठ्यातून दाखवलं होतं. पण शिसवीच्या पाठीची गिटार हाती आल्यावर तोरेसचं ऐकणार कोण?

मुंबईत हा वाद फारसा कुणी घातला नाही, कारण वादकांना दोन्हीचं काम पडायचं. भूपिंदर सिंग हे गायक म्हणून लोकांना ठाऊक. पण राहुलदेव बर्मन यांच्याकडचे ते गिटारवादकही होते. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’तल्या ‘दम मारो दम’ची नशिली इलेक्ट्रिक गिटार त्यांची, आणि १९७३ च्या ‘यादों की बारात’मधल्या ‘चुरा लिया है’ची अकूस्टिकही त्यांचीच. दोन्ही गाणी झीनत अमानवर चित्रित झालेली. पहिल्यात धूर आणि गर्दी, दुसऱ्यात पार्टी भरलेली असूनही एका माणसासाठी म्हटलेलं गाणं, आणि तिच्या हातात गिटार. पन्नास वादकांच्या ताफ्यातही ती अकूस्टिक कानाशी वाजल्यासारखी येते, कारण तिच्यापाशी स्वतंत्र माइक आहे. गोव्यात मांडो म्हणताना व्हायोलिन आणि घुमटाबरोबर गिटार असते, तेव्हा कसलाच माइक लागत नाही. श्रोते अंगणातच असतात. जवळीक दोन्हीकडे आहे, फक्त मुंबईत ती यंत्राने साधलेली.

अमेरिकन टीव्हीने १९८९ मध्ये या जवळिकीचा कार्यक्रमच केला. ‘एमटीव्ही अनप्लग्ड’: प्लग काढा आणि वाजवा. एरिक क्लॅप्टनसारखा इलेक्ट्रिकचा बादशहा १९९२ च्या जानेवारीत खुर्चीवर बसून मार्टिन वाजवू लागला आणि त्या रेकॉर्डला पुढच्या वर्षी ग्रॅमींची रास मिळाली. १८ नोव्हेंबर १९९३ रोजी ‘निर्वाणा’चा कर्ट कोबेन आला. त्याच्या हातात १९५९ ची मार्टिन डी-१८ई होती. हे मॉडेल म्हणजे मार्टिनने विजेच्या लाटेवर स्वार होण्याचा केलेला एक फसलेला प्रयत्न. चांगल्या तबलीवर चुंबकाचे दोन ठोकळे आणि तीन बटणं ठोकलेली, धड ना अकूस्टिक धड ना इलेक्ट्रिक. तीनशे दोन नग बनवून कंपनीने ते गुंडाळलं होतं. कोबेनला ॲम्प्लिफायरशिवाय वाजवायचं नव्हतं, म्हणून निर्मात्याने ॲम्प्लिफायरपुढे खोटी पेटी उभी केली. प्रेक्षकांना वाटावं, मंचावरचा साधा मॉनिटर आहे. २०२० च्या जूनमध्ये ती गिटार साठ लाख डॉलरना विकली गेली, तोवरच्या लिलावांतली सगळ्यात महाग गिटार म्हणून.

आज दुकानातल्या बऱ्याच अकूस्टिक गिटारींच्या घोडीत तारांचा थरथराट दाबावरून टिपणारा स्फटिकाचा पिकअप बसवलेला असतो आणि बुडाशी केबलचं भोक असतं. मोठ्या मंचावर शिटी येऊ नये म्हणून रबराची एक गोल चकती मिळते. तबलीवरच्या गोल भोकात ती बुचासारखी दाबून बसवायची आणि कार्यक्रम संपला की काढून ठेवायची.